आवाज: नाही

२ फेब्रुवारी

मशीन पहाटे पाचला सुरू. पाणी साठ अंशांवर लावलेलं. बाहेर चार अंश. आवाज: नाही.

ही वही लेकीने दिली. म्हणाली, "बाबा, रोज चार गोष्टी लिहायच्या. मशीन कधी लागलं, पाणी किती अंशांवर, बाहेर थंडी किती आणि आवाज. महिन्याभराने गिऱ्हाइकाच्या हातात ठेवता येईल." चाळीस वर्षं मी नळ जोडले, गिझर टांगले, बॉयलर उघडले, पण ओळभर कधी लिहिलं नाही. जे होतं ते कानात होतं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पाइपावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि सांगायचं, तिसऱ्या एल्बोपाशी, म्हणजे पाइपाच्या वळणापाशी, क्षार साचलाय, तिथेच कापा. कापलं की क्षार. धंद्यातले लोक मला 'कानवाला' म्हणतात ते काही उगाच नाही. मास्तरांनी चौथीत ज्याचा कान उपटून वर्गाबाहेर काढलं, त्याने त्याच कानावर दोन मजली घर बांधलं.

आता बासष्टाव्या वर्षी नवा धंदा. घराला आतून अस्तर लावायचं: भिंतीत रॉकवूल म्हणजे दगडी लोकर, माळ्यावर वीतभर जाड थर, दाराखिडक्यांना रबरी पट्ट्या. आणि पाण्याला हीट पंप. लोक विचारतात हे काय असतं. मी सांगतो, फ्रीज उलटा फिरवा. बाहेरच्या हवेतली ऊब ओढायची आणि टाकीत कोंबायची. माझंच घर नमुना म्हणून सजवलंय. जो येईल त्याने हात लावून बघावं.

बायको म्हणते, आता वहीत शिव्या लिहू नका. बघू.

५ फेब्रुवारी

पाच. साठ. बाहेर तीन. आवाज: नाही.

शेजारच्या मास्तरीणबाई सकाळी सकाळी दारात. आमच्या दोन घरांमध्ये चार फुटांची बोळ आहे, तिथे मशीन बसवलंय, आणि त्यांची खिडकी बरोबर समोर. म्हणाल्या, "काका, तुमचं मशीन शिट्टी मारतं हो. पाचला उठून मी वह्या तपासते. डोक्यात सुई घातल्यासारखं होतं."

मी म्हटलं, "बाई, शिट्टी? चला बघू."

दोघं बोळीत उभे राहिलो. मशीन चालूच होतं. मांजर घुरघुरतं ना, तेवढा आवाज. मी डोळे मिटून ऐकलं, पंख्याचा वारा ऐकला, कॉम्प्रेसरची लय ऐकली. झकास. बाई कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघत उभ्या.

"ही काय, आत्ता येतेय," म्हणाल्या.

"काही येत नाही," म्हटलं.

चाळीस वर्षं ऐकण्यावर पोट भरलेल्या माणसाला पहिली-दुसरीची पोरं शिकवणाऱ्या बाईने सांगायचं, काय ऐकू येतं ते! घरात येऊन बोललो तर बायको ओट्यापाशी पाठ करून म्हणते, "अहो, जरा येतो हो. बारीक."

"मला येत नाही, म्हणजे नाही."

तिने चहाचा कप आपटल्यासारखा ठेवला.

६ फेब्रुवारी

एक गोष्ट मान्य करायला पाहिजे, अस्तराने घर काय शांत झालंय! पूर्वी पहाटे पाखरं कलकलाट करायची, खालच्या रस्त्यावरच्या सायकलच्या घंट्या, कुणाच्या फोनची किणकिण. आता काही नाही. बंद डब्यात बसल्यासारखं. कालच्या गिऱ्हाइकाला म्हटलंसुद्धा, "उबेचे पैसे घेतो, शांतता फुकट." खूश झाला.

तक्रार एकच. मशीनचं पॅनेल मुकं निघालं. बटण दाबलं की बीप वाजेल असं पुस्तकात छापलंय. मी दहा वेळा दाबलं, बीप नाही. एवढी महागाची वस्तू आणि बीप द्यायला जीव जातो कंपनीचा! पत्र लिहिणार आहे. चहाच्या किटलीचंही तेच. झाकणाची शिट्टी मोडलीय, पण बायको नवी आणत नाही.

९ फेब्रुवारी

आज मी कोमट पाण्याने आंघोळ केली. हीट पंपवाल्याने! स्वतःच्या घरात!

ओल्या अंगाने पॅनेल बघायला गेलो. वेळ बदललेली. पाचचे बारा केलेले. दुपारी बारा ते तीन मशीन चालणार, संध्याकाळी भांडी आणि आंघोळी त्यावर होणार आणि सकाळी माझ्या वाट्याला टाकीचा तळ. साठ अंश मात्र तसेच. चोर शहाणा आहे. गरम पाणी कमी अंशांवर साठवून ठेवलं तर टाकीत जंतू धरतात हे त्याला माहीत आहे.

जेवताना विचारलं. बायको म्हणाली, "आपोआप झालं असेल. वीज गेली होती परवा." लेक ताटात बघत होती. कंपनीच्या माणसाला फोन लावला, तो म्हणाला, "साहेब, कुणी बोट लावल्याशिवाय वेळ बदलत नाही."

पॅनेलला कुलूप लावलं. चार आकड्यांचा कोड. मी आणि पॅनेल, तिसऱ्याला ठाऊक नाही.

११ फेब्रुवारी

परत बारा. परत कोमट. संतापाने नीट लिहितासुद्धा येत नाहीये.

कोड फुटला कसा? पहिलं दुकान घेतलं ते साल टाकलं होतं. फोनला तेच, तिजोरीला तेच, सायकलच्या साखळीलाही तेच आहे म्हणा. पण म्हणून काय घरातल्या घरात उघडायचं?

पक्कं सांगतो, हे मास्तरीणबाईंचं काम. बायकोला गोड बोलून वश केलंय. कुंपणापाशी दोघी कुजबुजत असतात. काय बोलतात ते काही कळत नाही, कारण हल्ली घरातली प्रत्येक बाई ओठातल्या ओठात बोलते. लेकही तशीच. परवा म्हटलं, "तोंडात काय गोटी ठेवलीय का?" तर डोळ्यांत पाणी काढलंन. चाळीस माणसांच्या साइटवर मी एका हाकेत काम थांबवायचो, आणि माझ्याच पोरीला शब्द उच्चारता येत नाही!

वेळ पाचची केली. कोड उलटा करून टाकला. घ्या.

१३ फेब्रुवारी

पाच. साठ. दोन. आवाज: नाही, नाही, नाही.

दाताच्या डॉक्टरांकडे गेल्या महिन्यात मशीन बसवलं होतं. टाकीला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, दाब वाढला की वाफ आणि पाणी त्यातून बाहेर. मी स्वतः कान लावून पास केला होता. आज कळलं की डॉक्टरांनी लेकीला फोन केला: व्हॉल्व्ह बसवल्या दिवसापासून फुसफुसतोय. आणि तिने मला न सांगता जाऊन बदलून टाकला!

"माझ्या कामावर पाना लावायच्या आधी मला विचारायचं," मी म्हटलं.

"बाबा, तो गळत होता."

"मी ऐकलं होतं."

तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि पिशवी उचलून गेली. डॉक्टर दिवसभर लोकांच्या दातांत यंत्र घालून घूं घूं करतात, त्यांचा कान काय शाबूत असणार! हे मी तिला सांगणार होतो, पण ती थांबली तर ना.

१६ फेब्रुवारी

मुलींच्या वसतिगृहाच्या व्यवस्थापक बाई परवा येणार. दोनशे मुली, तीन मजले, पूर्ण इमारतीला अस्तर आणि वीस मशीनं. हे काम मिळालं तर नवा धंदा उभा राहिला. नाही मिळालं तर बासष्टाव्या वर्षी म्हाताऱ्याला भलतं सुचलं म्हणून जुने मित्र हसतील ते हसतील, गोदामात भरलेलं रॉकवूल मलाच पांघरून बसावं लागेल.

लेकीने त्यांना सकाळी दहाची वेळ दिली. मी म्हटलं, "दहाला मशीन बंद असतं. गिऱ्हाइकाला काय बंद डबा दाखवणार?"

"बंदच दाखवू बाबा. वही दाखवू, पाणी दाखवू, भिंती दाखवू."

"आणि आवाज? बाईंनी फोनवर पहिलाच प्रश्न आवाजाचा विचारला. मुलींच्या खोल्यांखाली मशीनं येणार आहेत."

ती आईकडे बघायला लागली. आई पदराचा काठ दुमडायला लागली. माझ्या घरात माझ्या पाठीमागे काहीतरी शिजतंय, आणि ते काय आहे हे सांगायची हिंमत एकीतही नाही.

१८ फेब्रुवारी

लिहितोय, कारण बोललो तर काहीतरी फुटेल.

दहाला बाई आल्या. उंच, चष्मा, वही-पेन तयार. भिंतीला हात लावून बघितला, माळ्यावर स्वतः चढल्या, रबरी पट्टीपाशी मेणबत्तीची ज्योत हलते का ते बघितलं. मला आवडल्या. नळाखाली हात धरून म्हणाल्या, "छान." मग म्हणाल्या, "आता आवाज?"

लेक म्हणाली, "मशीन आत्ता बंद—"

"चालू आहे," मी म्हटलं. मी साडेनऊलाच हाताने सुरू करून ठेवलं होतं. लेकीचा चेहरा उतरला. बोळीचं दार मी स्वतः उघडलं, बाजूला झालो, आणि म्हटलं, "ऐका. आहे का काही?"

त्या बाईंनी दोन्ही हात कानांवर ठेवले.

नाटक वाटावं इतकं पटकन. चष्मा वाकडा झाला. ओरडून म्हणाल्या, ते मात्र स्वच्छ ऐकू आलं, "बंद करा! बंद करा हो ते!" लेक धावत जाऊन बटण दाबून आली. बाई म्हणाल्या, विचार करून कळवते. हे 'कळवते' मी चाळीस वर्षं ऐकतोय, त्याचा अर्थ मला शिकवायला नको.

आधीच पढवून आणलेली बाई! मी सरळ कुंपणापाशी गेलो. मास्तरीणबाई शाळेला निघाल्या होत्या, हातात वह्यांचा गठ्ठा.

"माझ्या पोटावर पाय देताय तुम्ही," मी म्हटलं. "गिऱ्हाईक फोडलंत माझं!"

"काका, मी त्यांना ओळखतसुद्धा नाही."

"खोटं!"

त्या थांबल्या. गठ्ठा छातीशी धरून, एकेक शब्द तोडून म्हणाल्या, "पन्नास मुलांना रोज सांगते मी, खोटं बोलू नका. मला आजवर कुणी खोटारडी म्हटलं नव्हतं." आणि गेल्या.

रस्त्यावरची दोन माणसं उभी राहून बघत होती. बघू देत. बायको दिवसभर माझ्याशी बोललेली नाही. बोलली असेल तर मला ऐकू येईल असं बोललेली नाही.

१९ फेब्रुवारी

मशीन बंद ठेवलं. आज एकेक भाग खोलून सिद्ध करणार होतो की आत काहीही बिघाड नाही, आणि तो भाग नेऊन मास्तरीणबाईंच्या पायरीवर ठेवणार होतो.

जाळी काढली. पंख्याचं पातं बोटाने फिरवलं. फिरता फिरता बोटाला किरकिर लागली. वाळूवर भांडं सरकवल्यासारखी. बेअरिंग गेलेलं. कारखान्यातूनच खराब आलं असणार, अशी बेअरिंगं मी हजार बदलली आहेत. असलं बेअरिंग शिट्टी मारतं. मारायलाच पाहिजे. माझ्या हाताखालच्या पोरांना मीच शिकवलंय: किरकिर हाताला लागायच्या आधी शिट्टी कानाला लागते.

मशीन लावलं. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, मूठ कानामागच्या हाडाशी दाबून धरली. घुरघुर. वारा. बस. टोक बदललं, कान बदलला. घुरघुर. वारा.

मग कंपनीला शिव्या घातल्या, बेअरिंगला घातल्या, स्क्रू-ड्रायव्हर भिंतीवर फेकला. बोळीच्या भिंतीवर एक पाखरू बसलं होतं, ते उडालं नाही. उलट माझ्याकडे बघून चोच उघडली. गळा नुसता थरथरत होता त्याचा. उघडतंय, मिटतंय. मी बघत राहिलो.

बोळीत रॉकवूल नाही. वर आभाळ आहे.

घरात आलो. किटली गॅसवर होती, मी शेजारी बसलो. नळीतून वाफ पिचकारीसारखी सुटली होती. तेवढ्यात बायको वरच्या मजल्यावरून, दोन बंद दारांपलीकडून, हात पुसत धावत आली आणि गॅस बंद केला. मला म्हणाली, "एवढी ओरडतेय, जवळ बसून ऐकू—" आणि मध्येच थांबली.

किटलीची शिट्टी मोडलेली नाही.

मी उठलो. तिला मनगटाला धरून पॅनेलपाशी नेलं. म्हटलं, "पाठ करून उभी राहा. बीप वाजला की बोट वर कर."

"अहो, कशाला हे."

"कर म्हणतो ना!"

ती पाठ करून उभी राहिली. मी बटण दाबलं. बोट वर झालं. थांबलो, मनात वीस मोजले, दाबलं. बोट वर. दोनदा पटापट दाबलं. दोनदा बोट. हात नुसता पॅनेलजवळ नेला, दाबलं नाही. बोट खाली. सात वेळा दाबलं, सात वेळा तिचं बोट वर झालं, आणि माझ्यापाशी सातही वेळा काही नव्हतं. शेवटी ती वळली तेव्हा तिचा चेहरा ओला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तीन वर्षं झाली असतील."

"आणि सांगितलं नाहीस!"

"तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ताट सारून उठलात. मग मी आणि पोरीने ठरवलं, आपण सांभाळून घेऊ."

सांभाळून घेऊ! म्हणजे वेळ हिने बदलली, मास्तरीणबाई शाळेत असतील तेव्हा मशीन चालावं म्हणून. कोडही हिनेच ओळखला. डॉक्टरांचा व्हॉल्व्ह लेकीने गुपचूप बदलला. दहाची वेळही त्यासाठीच. मी घरभर चोर शोधत फिरत होतो आणि दोघी माझ्या कानाची अब्रू झाकत होत्या.

याचा मला जास्त राग आहे का कानाचा, ते ठरत नाही. तीस वर्षं मी कटर चालवले, काँक्रीट फोडलं, कानात कधी बोळा घातला नाही. लोक घालायचे, मी त्यांना हसायचो. म्हणायचो, कान झाकला तर कानवाला कसला?

दाताच्या डॉक्टरांकडे तो व्हॉल्व्ह महिनाभर गळत होता. वसतिगृहात असता तर? दोनशे पोरी. मी कान लावून पास केला असता.

२० फेब्रुवारी

काही लिहावंसं वाटत नाही. बेअरिंग आणलं. बसवलं. हात अजून माझेच आहेत.

२१ फेब्रुवारी

मास्तरीणबाईंकडे गेलो. दार अर्धंच उघडलं त्यांनी. बायकोने शिकवून पाठवलं होतं की माफी मागा, पण तिथे उभा राहिल्यावर भलतंच तोंडातून निघालं. म्हटलं, "बाई, तुमचा कान हवाय."

त्यांनी दार आणखी थोडं ओढून घेतलं.

"माझा गेलाय," म्हटलं. "तुम्ही खरं बोलत होतात. सगळ्या रस्त्यासमोर मी तुम्हाला जे म्हटलं, ते रस्त्यासमोरच परत घ्यायला तयार आहे. सांगाल त्या वेळी. पण आधी नवीन बेअरिंग बसवलंय, ते कुणीतरी ऐकायला पाहिजे."

त्यांनी दार पूर्ण उघडलं. मग म्हणाल्या, "रस्ता राहू दे काका. मशीन लावा."

त्या खिडकीत उभ्या राहिल्या, मी बोळीत. मशीन लावलं. मला घुरघुर ऐकू आली, जशी आधीही येत होती. मी वर त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. निकालाच्या दिवशी मास्तरांकडे बघायचो तसा. कपाळावरची आठी आधी होती, ती हळूहळू सैल झाली.

"गेली," त्या म्हणाल्या. मोठ्याने म्हणाल्या. माझ्यासाठी.

"नक्की?"

"काका!"

"हो, हो," मी म्हटलं. "चुकलं. तुमचा शब्द."

२५ फेब्रुवारी

वसतिगृहाच्या बाईंकडे लेकीला घेऊन मी स्वतः गेलो होतो. फोनवर बायकांचं बोलणं अर्धंच कळतं, हे आता म्हणायला हरकत नाही. सांगितलं, बेअरिंग खराब होतं, आणि ते मला ऐकू आलं नाही, कारण मला ऐकू येत नाही. लेकीने टेबलाखालून माझा पाय दाबला. मी पाय बाजूला घेतला.

बाई आज पुन्हा आल्या. मशीन चालू ठेवून दार लेकीने उघडलं. मी मागे उभा राहून बाईंचे हात बघत होतो. हात खाली राहिले.

"या सगळ्या मशीनांच्या आवाजाची हमी कोण देणार?" त्यांनी विचारलं.

चाळीस वर्षं या प्रश्नाला मी छातीवर थाप मारत आलो. आज ती थाप मारायला हात उचललाही होता. तो तसाच लेकीच्या खांद्यावर ठेवला. "ही. खोलायचं-जोडायचं मी, ऐकायचं हिने. हिने नाही म्हटलं तर मी पास करणार नाही."

बाई म्हणाल्या, "आधी दोन बसवा. महिनाभर मी ऐकते. मग बाकीच्यांचं बघू." हे 'बघू' मी ओळखतो, यात दम आहे.

त्या गेल्यावर लेक काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. मी ओरडणार होतो, तोंडात काय गोटी ठेवलीय का म्हणून. ओठ उघडले, मिटले. म्हटलं, "समोर येऊन बोल."

ती समोर आली. "उद्या कानाच्या डॉक्टरांकडे वेळ घेतलीय. अकराची."

"आधी मला विचारलं असतंस तर काय बिघडलं असतं?" मी म्हटलं. पण जाणार आहे. राग अजून गेलेला नाही, तिथे जाताना बरोबर घेऊन जाईन.

मशीन दुपारी बाराला सुरू, वेळ बायकोने लावली. सकाळच्या पाण्यासाठी संध्याकाळी सहाला आणखी एक तास, ती युक्तीही तिचीच. पाणी साठ अंशांवर. बाहेर सहा. आवाज: मास्तरीणबाई म्हणतात, नाही.